राजा गेल्यावर काय उरले? : स्कॉटलंडच्या राजांचे मोठेपण मोजताना

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे मॅकबेथ मराठी रसिकांच्या ओळखीचा झाला. घरी पाहुणा म्हणून आलेल्या वृद्ध, सज्जन राजाला झोपेत ठार मारणारा आणि मग आपल्याच पापाने पछाडलेला सरदार अशी त्याची प्रतिमा शेक्सपिअरच्या नाटकातून आपल्यापर्यंत पोहोचली. इतिहासातला मॅकबेथ मात्र निराळा आहे. १०४० मध्ये डंकन राजा मेला तो एल्गिनजवळच्या लढाईत, आणि तेव्हा तो म्हाताराही नव्हता. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने पैसे वाटले, असे त्याच काळातल्या एका इतिवृत्तकाराने नोंदवले आहे. अकराव्या शतकात स्कॉटलंडहून रोमला जाऊन परतायचे म्हणजे कित्येक महिन्यांचा प्रवास. ज्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे, तो राजा इतके दिवस सिंहासन सोडून बाहेर पडत नाही.

मग हा राजा खलनायक कसा ठरला? १०५७ मध्ये डंकनच्या मुलाने, माल्कमने, त्याला मारले आणि पुढची सव्वादोनशे वर्षे याच माल्कमच्या वंशाकडे सिंहासन राहिले. ज्यांच्या पूर्वजाने मॅकबेथला मारले, त्यांच्या राज्यात मॅकबेथचे गुणगान कोण करणार? नंतरच्या इतिहासकारांनी कथेत रंग भरला. शेक्सपिअरने ती नाटकात आणली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर स्कॉटलंडचाच राजा बसला होता आणि त्याचे घराणे आपला वंश मॅकबेथच्या कथेतल्या बँकोपासून सांगत होते. म्हणजे राजाची कीर्ती पुष्कळदा त्याच्यानंतर गादीवर कोण आले यावर ठरते. असे असेल, तर मध्ययुगापासून सतराव्या शतकापर्यंत स्कॉटलंडवर राज्य केलेल्यांपैकी थोर कोणाला म्हणायचे? या लेखात एकच कसोटी मांडायची आहे, आणि ती स्कॉटलंडच्या इतिहासातूनच हाती येते: राजा सिंहासनावरून नाहीसा झाल्यावर राज्य कसे चालले ते पाहावे. विरजण कसे लागले हे रात्री भांडे पाहून कळत नाही, त्यासाठी सकाळची वाट पाहावी लागते. राजांचेही तसेच आहे.

नेहमीचे काटे कुठे चुकतात

राजाचा मोठेपणा मोजायला आपण सहसा दोन काटे वापरतो. पहिला काटा लढायांचा. किती जिंकल्या, किती हरल्या, किती मुलूख मिळवला, याचा हिशेब सोपा असतो, म्हणून तो आवडतोही. पण मुलूख आज येतो आणि उद्या जातो. दुसरा काटा जीवनकथेचा. ज्याच्या आयुष्यात नाट्य अधिक, तो राजा आपल्याला मोठा वाटू लागतो.

मेरी राणी हे दुसऱ्या काट्याचे ठळक उदाहरण. १५४२ मध्ये बाप वारला तेव्हा ती सहा दिवसांची होती. पाच वर्षांची असताना तिला फ्रान्सला धाडले, तिथे ती राणी झाली, अठराव्या वर्षी विधवा होऊन १५६१ मध्ये परत आली. पुढे १५६७ मध्ये तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा, डार्नलीचा, खून झाला. ज्याच्यावर त्या खुनाचा संशय होता त्याच बॉथवेलशी तिने तीन महिन्यांत लग्न केले. तिला पदत्याग करावा लागला. ती इंग्लंडला पळाली आणि जवळजवळ एकोणीस वर्षांच्या कैदेनंतर १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. या आयुष्यावर शेकडो पुस्तके लिहिली गेली यात नवल नाही. पण राज्यकर्ती म्हणून तिने स्वतः कारभार पाहिला तो जेमतेम सहा वर्षे. आल्याबरोबर धर्माच्या बाबतीत जी स्थिती आहे ती तशीच राहू द्यावी, असा जाहीरनामा तिने काढला. स्वतः कॅथलिक असलेल्या राणीने प्रॉटेस्टंट झालेल्या देशात टाकलेले ते समंजस पाऊल होते, आणि त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र त्या पावलाभोवती तिने काही उभारले नाही. तिचे आयुष्य करुण आहे, पण करुणा आणि थोरवी यांची गल्लत करू नये.

स्कॉटिश राजाच्या हाती होते तरी काय?

कुठल्याही राजाला मोजण्याआधी त्याच्या हातातली साधने पाहिली पाहिजेत. स्कॉटलंड हा गरीब, डोंगराळ, विरळ वस्तीचा देश होता. दक्षिणेला इंग्लंड, तिथली लोकसंख्या आणि तिथल्या राजाचे उत्पन्न स्कॉटलंडच्या कित्येक पट. स्कॉटिश राजाजवळ खडे सैन्य नव्हते. युद्ध आले की सरदारांनी आणि जमीनदारांनी आपापली माणसे घेऊन यायचे, ठरावीक दिवस लढायचे आणि सुगीला परतायचे. उत्तरेच्या डोंगराळ भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर गेलिक भाषा बोलणारी कुळे राहत आणि तिथे राजाचा शब्द फार दुरून ऐकू येई.

अशा देशात राज्य करायचे म्हणजे सरदारांना सांभाळत राहायचे. त्यांना वतने द्यायची, सोयरिकी जुळवायच्या, भांडणे सोडवायची आणि स्वतः गावोगाव फिरून न्याय द्यायचा. सरदार राजाला मानत, कारण त्यांच्या आपापसातल्या भांडणात निवाडा करणारा कोणीतरी त्यांनाही हवा असे. हुकूम सोडला आणि तो झाला, असे इथे क्वचितच घडे. म्हणून फ्रान्सच्या किंवा इंग्लंडच्या राजांचे माप स्कॉटिश राजाला लावले तर तो दुबळा दिसेल. आपल्या देशाच्या मापाने पाहिले तर मात्र वेगळेच सामर्थ्य दिसू लागते.

सात अज्ञान राजे

स्कॉटलंडच्या इतिहासातली एक गोष्ट जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. १४०६ पासून १५६७ पर्यंत लागोपाठ सात जण गादीवर आले आणि सातही जण अज्ञान होते. पहिला जेम्स अकरा वर्षांचा आणि तोही इंग्लंडच्या कैदेत. दुसरा जेम्स सहा वर्षांचा, तिसरा आठ-नऊ, चौथा पंधरा. पाचवा जेम्स सतरा महिन्यांचा, मेरी सहा दिवसांची आणि सहावा जेम्स तेरा महिन्यांचा. १३९० मध्ये तिसरा रॉबर्ट राजा झाला, त्यानंतर स्कॉटलंडच्या गादीवर वयात आलेली व्यक्ती बसली ती थेट १६२५ मध्ये. एवढ्या काळात शेजारच्या बलाढ्य इंग्लंडने हे राज्य गिळायला हवे होते, निदान सरदारांनी तरी ते आपसांत वाटून घ्यायला हवे होते. दोन्हींतले काहीच झाले नाही. ते का झाले नाही, या प्रश्नातच आपली कसोटी दडलेली आहे.

याचे उत्तर अल्पवयीन राजाच्या काळातल्या व्यवस्थेत आहे. मराठी वाचकाला अशी व्यवस्था परकी नाही. १७७४ मध्ये चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि कारभार बारभाईंनी हाकला. स्कॉटलंडमध्येही एक कारभारी किंवा कारभारी मंडळ राजाच्या नावाने राज्य चालवी आणि महत्त्वाच्या निर्णयांना पार्लमेंटची संमती घेतली जाई. कारभाऱ्यांत रक्तरंजित भांडणे होत. सहाव्या जेम्सच्या लहानपणी चार कारभारी झाले: एकाला गोळी घातली, दुसरा चकमकीत मारला गेला, तिसरा आजाराने गेला, चौथ्याचा पुढे शिरच्छेद झाला. पण ही सारी झुंज राजाचे नाव कोणी वापरायचे यासाठी होती. राजपदच नको, असे कोणी म्हणत नव्हते.

या व्यवस्थेला एक चावीही होती. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाशी ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद असते. पालनकर्त्याने केलेला गैरव्यवहार मूल सज्ञान झाल्यावर उलटवता येतो. स्कॉटलंडच्या राजालाही असाच हक्क होता. पंचविसाव्या वर्षापर्यंत तो जाहीर करू शके की, आपल्या अज्ञानपणी राजाच्या जमिनी आणि हक्क जे कोणी वाटून टाकले, ते सगळे रद्द. मग सरदारांना नव्याने येऊन बोलणी करावी लागत, नजराणा भरावा लागे. दर पिढीला बेबंदशाहीत गेलेली मालमत्ता दर पिढीला परत मिळवण्याची ही सोय होती. त्यामुळे राजा लहान असताना सरदार शिरजोर झाले, तरी ती शिरजोरी कायमची ठरत नसे.

या यंत्रणेची ताकद १४३७ च्या फेब्रुवारीत दिसली. पर्थच्या मठात उतरलेल्या पहिल्या जेम्सवर रात्री मारेकरी चालून आले. राजाने खोलीची फरशी उचकटून खालच्या गटारात उडी घेतली. त्या गटाराला बाहेर पडायला तोंड होते, पण त्यातून टेनिसचे चेंडू हरवतात म्हणून काही दिवसांपूर्वी राजानेच ते बुजवून घेतले होते. तिथेच तो मारला गेला. राजा मेला की देश आपल्या बाजूने उठेल, असे कटवाल्यांना वाटत होते. कोणीही उठले नाही. महिनाभरात होलीरूडच्या मठात सहा वर्षांच्या मुलाला राज्याभिषेक झाला आणि कटवाल्यांना पकडून हालहाल करून मारले. राजा मेला तरी राज्य हलले नाही. मग ज्यांनी राज्य इतके पक्के केले, त्यांच्याकडेच थोरवीचा पहिला मान जायला हवा.

राजाचे नाव नसलेला शिक्का

हा पक्केपणा त्याच्याही आधीचा आहे, हे तिसऱ्या अलेक्झांडरच्या मृत्यूने सिद्ध केले. त्याची कारकीर्द सुबत्तेची. १२६६ च्या तहाने त्याने नॉर्वेकडून पश्चिमेची बेटे ४,००० मार्क रोख आणि दरसाल १०० मार्क देण्याच्या बोलीवर मिळवली. पण त्याची तिन्ही मुले त्याच्या डोळ्यांदेखत वारली. १२८६ च्या मार्चमध्ये एडिंबरोतली बैठक आटोपून, भर वादळी रात्री, खाडी ओलांडून तो आपल्या तरुण राणीला भेटायला निघाला. अंधारात सोबत्यांची चुकामूक झाली आणि सकाळी किंगहॉर्नच्या किनाऱ्यावर त्याचे प्रेत सापडले. वारस उरली ती नॉर्वेत असलेली तीन वर्षांची नात.

यानंतर जे घडले ते नीट पाहण्याजोगे आहे. स्कोन इथे जमलेल्या पार्लमेंटने सहा पालक-कारभारी निवडले: दोन बिशप, दोन अर्ल, दोन जमीनदार सरदार. त्यांनी राज्यकारभारासाठी नवा शिक्का कोरवून घेतला. त्याच्या एका बाजूला राज्याचे सिंहचिन्ह होते आणि दुसऱ्या बाजूला तिरप्या क्रुसावरचा संत अँड्र्यू. मध्ययुगात शिक्का म्हणजे राजाची जणू दुसरी देहमूर्ती. त्यावर राजाचे चित्र आणि नाव असायचेच. या शिक्क्यावर कोणत्याच राजाचे नाव नव्हते. राज्याच्या कारभारासाठी नेमलेला स्कॉटलंडचा शिक्का, एवढाच त्याच्या लेखाचा आशय होता. राजापासून वेगळे असे राज्य अस्तित्वात आहे, ही कल्पना त्या मेणाच्या तुकड्यावर उमटली होती. १२९० मध्ये त्या नातीच्या लग्नाचा करार इंग्लंडच्या राजपुत्राशी ठरवताना याच कारभाऱ्यांनी स्कॉटलंडचे कायदे आणि हक्क वेगळेच राहतील अशी अट लिहून घेतली.

नात वाटेतच ऑर्कनी बेटांवर वारली, गादीवर तेरा दावेदार उभे राहिले, निवाड्यासाठी आलेल्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने आपले सार्वभौमत्व लादले, आणि १२९६ मध्ये स्वारी करून देशच ताब्यात घेतला. म्हणून अलेक्झांडर नापास, असे म्हणायचे का? माझ्या मते नाही. घराला आग शेजाऱ्याने लावली, तर त्यात बांधणाऱ्याचा दोष नसतो. राजाविना चार वर्षे राज्य शांतपणे चालले, हीच त्याची आणि त्याच्या पूर्वजांची कमाई. वाईट नशीब आणि वाईट काम यांत फरक करायला ही कसोटी शिकवते.

पेठा वसवणारा राजा

हे घर मुळात बांधले कोणी? याचे उत्तर आपल्याला पहिल्या डेव्हिडकडे नेते. त्याची कारकीर्द ११२४ ते ११५३. तो माल्कम आणि संत मार्गारेट यांचा धाकटा मुलगा, इंग्लंडच्या दरबारात वाढलेला. त्याने स्कॉटलंडमध्ये आणलेल्या गोष्टी वरवर लहान दिसतात. त्याने पेठा वसवल्या: बेरिक, रॉक्सबरो, एडिंबरो, स्टर्लिंग, पर्थ. पेठ म्हणजे ठरावीक हद्दीत बाजार भरवण्याचा, व्यापार करण्याचा आणि आपले तंटे आपण सोडवण्याचा हक्क मिळालेले गाव. तिथे फ्लँडर्समधून आणि इंग्लंडमधून कारागीर आणि व्यापारी येऊन राहिले. मेलरोजसारख्या मठांना त्याने माळराने दिली. तिथे मेंढ्या वाढल्या, लोकर पेठांत आली आणि जहाजांनी फ्लँडर्सला जाऊ लागली. वाटेत राजाचा कर वसूल झाला. मठ, माळ, मेंढी, पेठ, बंदर आणि खजिना अशी ही साखळी होती आणि तिच्या प्रत्येक कडीवर डेव्हिडचा हात दिसतो.

नाण्यांचेही तसेच. ११३६ च्या सुमारास त्याने कार्लाइल घेतले आणि तिथल्या चांदीच्या खाणीच्या जोरावर स्वतःची नाणी पाडली. स्कॉटलंडच्या राजाच्या नावाची ही पहिली नाणी. नखाएवढा चांदीचा पातळ तुकडा, एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला क्रूस. सुटे पैसे नसत म्हणून लोक क्रुसाच्या रेघेवरून नाणे कापून त्याचे अर्धे करत. ज्याने राजाला कधी पाहिले नव्हते, त्याच्या मुठीतही आता राजाचे नाव होते. याखेरीज डेव्हिडने जागोजागी शेरिफ नेमले. आपल्या जिल्ह्यात राजाचा वसूल गोळा करायचा, न्याय द्यायचा आणि किल्ला राखायचा हे शेरिफचे काम.

आता कसोटी लावू. डेव्हिडने उत्तर इंग्लंडचा मोठा मुलूख मिळवला होता. ११३८ मध्ये स्टँडर्डच्या लढाईत हरूनही त्याने तो वाटाघाटींनी राखला. पण ११५२ मध्ये त्याचा एकुलता वाढलेला मुलगा वारला. म्हाताऱ्या राजाने अकरा वर्षांच्या नातवाला देशभर फिरवून वारस म्हणून लोकांपुढे आणले आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः गेला. चार वर्षांत, ११५७ मध्ये, इंग्लंडच्या राजाने त्या पोराकडून उत्तरेचा सगळा मुलूख परत घेतला. तलवारीने मिळवलेले चार वर्षांत गेले. पेठा, नाणी, शेरिफ आणि मठ मात्र शतकानुशतके टिकले. सिंहासनही त्या नातवाच्याच हाती राहिले. पुढच्या एका राजाने डेव्हिडविषयी तक्रार केली म्हणतात, की हा संत राजमुकुटाला फार महाग पडला, कारण त्याने मठांना अलोट जमिनी दिल्या. पण ज्या जमिनींतून लोकरीचा व्यापार उगवला, त्या वाया गेल्या असे कसे म्हणता येईल?

रॉबर्ट ब्रूस: वाचवणारा

लोकप्रिय कौल घेतला तर पहिला मान पहिल्या रॉबर्टला, म्हणजे रॉबर्ट ब्रूसला मिळेल. १३०६ मध्ये त्याने राज्याभिषेक करवून घेतला तेव्हा त्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. वर आपला प्रतिस्पर्धी कॉमिन याला चर्चमध्ये मारल्याचा कलंक होता. काही महिन्यांत तो हरला, परागंदा झाला, भाऊ फासावर गेले. तिथून उठून त्याने एकेक किल्ला जिंकला आणि पुन्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून तो पाडून टाकला. १३१४ च्या जूनमध्ये बॅनकबर्नला त्याने आपल्याहून कितीतरी मोठ्या इंग्रज सैन्याला दलदलीच्या अडचणीत गाठून मोडले. १३२८ मध्ये इंग्लंडने स्कॉटलंडचे स्वातंत्र्य तहाने मान्य केले.

पण त्याच्यानंतर काय झाले? १३२९ मध्ये तो वारला, मुलगा दुसरा डेव्हिड पाच वर्षांचा. चार वर्षांत डपलिन आणि हॅलिडन हिल इथे स्कॉटिश सैन्याची दाणादाण उडाली आणि बालराजाला फ्रान्सला पाठवावे लागले. म्हणजे बॅनकबर्नचा लष्करी विजयही टिकला नाही. टिकली ती दुसरी गोष्ट. १३२० मध्ये सरदारांनी आर्ब्रोथहून पोपला पाठवलेल्या पत्रात एक विलक्षण मुद्दा होता: रॉबर्टनेच उद्या देश इंग्लंडच्या हवाली करायचे ठरवले, तर आम्ही त्याला हाकलून दुसरा राजा करू. राजाच्या संमतीने गेलेल्या पत्रात राजालाच ही ताकीद होती. १३२६ मध्ये रॉबर्टने कराला मंजुरी घेण्यासाठी पेठांच्या प्रतिनिधींनाही पार्लमेंटमध्ये बोलावले. डेव्हिडने वसवलेल्या पेठा आता राज्याच्या निर्णयात बसू लागल्या.

याची परीक्षा रॉबर्टच्या मुलानेच घेतली. दुसरा डेव्हिड १३४६ मध्ये लढाईत पकडला गेला आणि अकरा वर्षे कैदेत राहिला. १,००,००० मार्क खंडणी कबूल करून तो सुटला आणि ती भरण्यासाठी लोकरीवरचा कर भरमसाट वाढला. खंडणी टळावी म्हणून त्याने सुचवले की, आपल्यामागे इंग्लंडच्या राजघराण्यातला वारस स्वीकारावा. १३६४ मध्ये पार्लमेंटने हे साफ नाकारले. बापाच्या काळात लिहिलेला शब्द देशाने मुलाविरुद्ध पाळला. यापेक्षा मोठे यश कोणत्या राजाचे असणार?

फ्लॉडनचा प्रश्न

चौथ्या जेम्सला मोजताना ही कसोटी अवघड होते, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा. पंधराव्या वर्षी गादीवर आलेला हा राजा बुद्धिमान आणि उत्साही होता. त्याला गेलिकसह अनेक भाषा येत. १४९५ मध्ये अ‍ॅबरडीनला विद्यापीठ निघाले. १४९६ मध्ये कायदा झाला की, ऐपतदार जमीनदारांनी थोरल्या मुलांना आठव्या-नवव्या वर्षी शाळेत घालावे, पुरते लॅटिन शिकवावे आणि पुढे तीन वर्षे कायद्याचे शिक्षण द्यावे, नाहीतर वीस पौंड दंड. १५०७ मध्ये त्याने एडिंबरोत छापखान्याचा परवाना दिला. त्याला वैद्यकाचा इतका नाद होता की, राजाकडून दात उपटून घेणाऱ्याला पैसे दिल्याची नोंद खजिन्याच्या वहीत सापडते.

आणि याच राजाने १५१३ च्या ९ सप्टेंबरला सगळे पणाला लावले. फ्रान्सशी असलेल्या करारापायी त्याने इंग्लंडवर स्वारी केली. फ्लॉडनला त्याचे लांब भालेवाले उतारावरून खाली आले, तळाच्या ओलसर जमिनीत त्यांची रांग फुटली आणि इंग्रजांच्या आखूड दांड्यांच्या कोयत्यांनी त्यांना कापून काढले. राजा पुढच्या फळीत लढत पडला. त्याच्यासोबत त्याचा मुलगा असलेला आर्चबिशप, अनेक अर्ल, सरदार आणि हजारो माणसे मेली. स्पेनच्या वकिलाने त्याच्याविषयी पूर्वीच लिहिले होते की, हा चांगला सेनापती नव्हे, कारण हुकूम देण्याआधीच तो स्वतः लढायला लागतो.

तरीही बाराव्या दिवशी स्टर्लिंगला सतरा महिन्यांच्या मुलाला राज्याभिषेक झाला आणि राज्य चालू राहिले. याचे श्रेय जेम्सला द्यायचे का? काही अंशी हो, कारण त्याने पंचवीस वर्षे न्यायासाठी केलेली भटकंती आणि सरदारांशी राखलेली जवळीक कामाला आली. पण ज्याला आपल्या देशात राजाचा अवेळी मृत्यू किती महाग पडतो हे ठाऊक होते, त्याने तान्हा वारस मागे ठेवून पुढच्या फळीत उभे राहणे हा शौर्याचा भाग असला, तरी राजधर्माचा नव्हता. चौथा जेम्स फार गुणी होता. थोरांच्या पहिल्या ओळीत मात्र तो बसत नाही.

लेखणीने राज्य करणारा

सहाव्या जेम्सची नेहमी उपेक्षा होते. तेराव्या महिन्यात राजा झालेल्या आणि सोळाव्या वर्षी सरदारांनी पळवून नेऊन दहा महिने डांबलेल्या या मुलाने पुढे सरदार आणि धर्मसंस्था दोघांनाही धीराने ताळ्यावर आणले. १६०३ मध्ये रक्तपाताविना इंग्लंडची गादी मिळवली. लंडनहून आपण स्कॉटलंडवर लेखणीने राज्य करतो, असे तो १६०७ मध्ये अभिमानाने म्हणाला आणि ते बरेचसे खरे होते, कारण एडिंबरोतले मंत्रिमंडळ त्याच्या पत्रांवर कारभार हाकत होते. पण दर तीन वर्षांनी येईन असे सांगून गेलेला राजा बावीस वर्षांत एकदाच, १६१७ मध्ये, आला. माणसे ओळखणाऱ्या जेम्सला हे निभावले. देश न ओळखणाऱ्या त्याच्या मुलाला, पहिल्या चार्ल्सला, निभावले नाही. १६३७ मध्ये त्याने लादलेल्या प्रार्थनापुस्तकावरून दंगल उसळली आणि पुढच्या वर्षी देश राष्ट्रीय शपथपत्रावर सह्या करून त्याच्याविरुद्ध उभा राहिला. जेम्सचे यश त्याच्या व्यक्तिगत चातुर्यावर उभे होते, म्हणून ते त्याच्याबरोबर संपू लागले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, संस्था उभारतात ते कारकून, बिशप आणि सल्लागार. त्यांचे श्रेय राजाला का? हे अंशतः मान्य करावेच लागेल. १२८६ चे कारभारी स्वतःच्या गुणांनीही मोठे होते. पण पेठेला हक्क देणारी सनद राजाच्याच नावाने निघत असे आणि दिलेला हक्क पाळायचा की मोडायचा, हे त्याच्यावर अवलंबून असे. चांगले सल्लागार निवडणे आणि त्यांना काम करू देणे हेसुद्धा राजाचेच काम.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही थोरवी कोणाच्या जिवावर? ११३८ मध्ये डेव्हिडच्या सैन्याने उत्तर इंग्लंडच्या खेड्यांवर अनन्वित अत्याचार केले. ब्रूसने १३०८ मध्ये कॉमिनांचा बुखन परगणा जाळून ओसाड केला. सहाव्या जेम्सने १५९० नंतरच्या चेटूक खटल्यांत स्वतः भाग घेऊन निरपराध बायकांचे हाल वाढवले. डेव्हिडने आणलेल्या नव्या व्यवस्थेत जुन्या गेलिक सरदारांना आणि त्यांच्या भाषेला हळूहळू मागे सरावे लागले. या गोष्टी झाकून कोणाचाही गौरव करू नये. टिकाऊ राज्य उभारणे ही एक गोष्ट आणि चांगला माणूस असणे ही दुसरी. आपली कसोटी पहिलीच गोष्ट मोजते, आणि दुसरीसाठी वेगळा हिशेब मांडावा लागतो, हे कबूल केलेले बरे.

चौकट : थोडक्यात

- राजाला मोजताना तीन प्रश्न विचारावेत: हाती काय आले होते, साधने किती होती आणि तो गेल्यावर काय टिकले?
- पहिला डेव्हिड (११२४–११५३): जिंकलेला मुलूख चार वर्षांत गेला; पेठा, नाणी, शेरिफ, मठ टिकले.
- तिसरा अलेक्झांडर (१२४९–१२८६): वारस उरली ती लहान नात, तरी राजाविना चार वर्षे राज्य चालले.
- पहिला रॉबर्ट (१३०६–१३२९): विजय डळमळले, स्वातंत्र्याचा निर्धार टिकला.
- चौथा जेम्स (१४८८–१५१३): विद्येचा आश्रयदाता, फ्लॉडनला सगळे पणाला लावले.
- मेरी (१५४२–१५६७): करुण आयुष्य, समंजस सुरुवात, टिकाऊ उभारणी नाही.
- सहावा जेम्स (१५६७–१६२५): चतुर राज्यकर्ता, दूरस्थ राजाचा प्रश्न मागे ठेवून गेला.

निवाडा

शेवटी प्रश्न उरतो तो डेव्हिड आणि रॉबर्ट या दोघांचा. रॉबर्टच्या बाजूने सांगण्यासारखे खूप आहे: तो नसता तर स्कॉटलंड कदाचित इंग्लंडचा एक प्रांत झाला असता. तरीही माझा कौल डेव्हिडला आहे. रॉबर्टने जे वाचवले, ते डेव्हिडने घडवलेले होते. ज्या पेठांच्या करावर रॉबर्टचे राज्य चालले त्या डेव्हिडने वसवल्या. ज्या बिशपांनी रॉबर्टला साथ दिली, त्यांच्या संस्था डेव्हिडने सबळ केल्या. आणि एक गोष्ट तर या सगळ्याहून बोलकी आहे. ११२४ च्या सुमारास डेव्हिडने अ‍ॅनंडेलचे वतन एका नॉर्मन सरदाराला दिले. त्याचे नाव रॉबर्ट द ब्रूस. बॅनकबर्नचा विजेता त्याचा वंशज. थोड्याच वर्षांत वॉल्टर नावाचा आणखी एक माणूस डेव्हिडच्या सेवेत आला आणि त्याचा कारभारी, म्हणजे ‘स्ट्यूअर्ड’ झाला. त्या पदावरूनच त्याच्या वंशाचे नाव स्ट्यूअर्ट पडले. स्कॉटलंडला पुढे वाचवणारे घराणे आणि त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे राज्य करणारे घराणे, ही दोन्ही डेव्हिडनेच या देशात रुजवली.